निवेदनाची पोच

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नोव्हेंबरची 23 तारीख होती आणि नागपुरात झिरो माइलजवळ वाहने नेहमीपेक्षा जास्त तुंबली होती. मी स्कूटरवर होते, सिग्नल हिरवा होऊनही पुढचे कोणी हलत नव्हते, आणि मागून एक मोटारवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. 1994 साली याच तारखेला गोवारी या गुराखी समाजाच्या मोर्चात पोलिसांच्या लाठ्या उगारल्या गेल्या आणि चेंगराचेंगरीत माणसे दगावली. त्यांच्या आठवणीत उभ्या असलेल्या गोवारी स्मारकाकडे जाणारी माणसे रस्ता ओलांडत होती. बहुतेक खेड्यांतून आलेली होती. कोणाच्या हातात झेंडूची फुले, कोणाच्या हातात पिशवीत गुंडाळलेला हार. त्यांत लुगडे नेसलेली एक म्हातारी आणि तिच्यासोबत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. वाहतूक शाखेच्या तरुण शिपायाने त्या दोघींना वाट मिळावी म्हणून हातातली काठी उंच केली आणि वाहने थोपवली. म्हातारीने ती वर गेलेली काठी पाहिली, ती जागच्या जागी थांबली आणि तिने मुलीचा दंड धरून तिला आपल्या पाठीमागे ओढले. शिपाई म्हणत होता, “या ना आजी, या लवकर.” त्याच्या आवाजात आर्जव होते. काठी खाली येईपर्यंत म्हातारी हलली नाही. शिपाई पंचविशीचा असेल, म्हणजे त्या घटनेनंतर जन्मलेला, त्यामुळे ही बाई अशी का थांबली हे त्याला कळण्याचे काही कारण नव्हते. मुलीलाही ते कळले नसावे. मग वाहने सुटली आणि सगळे आपापल्या वाटेने गेले.

माझ्या मनातून ते दृश्य गेले नाही. त्या म्हातारीचे कोणी 1994 साली तिथे दगावले होते का, ती स्वतः त्या गर्दीत होती का, हे मला माहीत नाही आणि तेव्हा विचारण्याचे धाडसही झाले नाही. पण पोटातून आलेली जी हालचाल मी पाहिली, ती स्मारकावरच्या कोणत्याही भाषणातून येत नाही. भाषणात आकडा असतो. 114 हा मृतांचा आकडा नागपुरातल्या प्रत्येकाला पाठ आहे.

नागपुरात वाढलेल्या माणसाला मोर्चाचे अप्रूप नसते. अधिवेशन जवळ आले की रस्त्याच्या कडेला बांबू येऊन पडतात, मग त्यांचे कठडे उभे राहतात, बाहेरगावच्या पोलिसांच्या गाड्या शाळांच्या मैदानांत लागतात, आणि रोज सकाळी घरातले कोणीतरी आज कोणता रस्ता बंद आहे ते सांगते. शिक्षक येतात, अंगणवाडी सेविका येतात, कापसाचे शेतकरी येतात. शहराच्या दृष्टीने हा एक वार्षिक सोहळा आणि वार्षिक वैताग असतो. या सगळ्याची एक ठरलेली रीत आहे. मोर्चा विधान भवनापासून दूर, ठरवून दिलेल्या जागी अडवला जातो. मोर्चेकरी रस्त्यावर बसतात, घोषणा होतात, भाषणे होतात. मग चार-पाच जणांचे शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जाते, किंवा एखादा मंत्री बाहेर येऊन ते स्वीकारतो. पुढारी परत येऊन आश्वासन मिळाल्याचे सांगतात, लोक टाळ्या वाजवतात आणि उठतात. संध्याकाळच्या गाड्या पकडायच्या असतात. आश्वासनाचे पुढे काय होते हा वेगळा विषय. पण कोणीतरी आले, कागद हातात घेतला, मान डोलावली, एवढे झाले की दिवस संपतो. ही रीत पोलिसांना ठाऊक असते, पुढाऱ्यांना ठाऊक असते आणि त्यावरच सगळ्यांची भिस्त असते.

माझे वडील एका सरकारी कार्यालयात कारकून होते आणि अधिवेशनाच्या काळात त्यांच्याकडे टपालाचे काम यायचे. निवेदनांचे काय होते हे मला त्यांच्यामुळे लहानपणीच कळले. निवेदन आले की आवक नोंदवहीत त्याची नोंद व्हायची: तारीख, कोणाकडून, विषय थोडक्यात. मग कागदाच्या वरच्या कोपऱ्यात गोल शिक्का, त्यात निळ्या शाईने आवक क्रमांक, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही. बाबा सांगायचे की लोकांचा जीव त्या पोचेत असतो. खेड्यातला माणूस सही-शिक्क्याची प्रत दोन वेळा घडी करून खिशात ठेवतो, आणि दहा वर्षांनी पुन्हा आला तर तीच प्रत, घड्यांवर फाटलेली, टेबलावर उलगडतो. मूळ कागदावर तोवर “पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित” असे लिहिले गेलेले असते आणि तो कोणत्या तरी कपाटात पडून असतो. बाबांना याची लाज वाटायची असे मी म्हणणार नाही. त्यांनी नोकरी नेटाने केली आणि एकही कागद नोंदीशिवाय राहू दिला नाही. तेवढेच त्यांच्या हातात होते.

1994 च्या 23 नोव्हेंबरला, त्या बुधवारी, मी कॉलेजातून सीताबर्डीकडे पायी येत होते. दिवाळी होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. गोवारी म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर दिवाळीच येते. पाडव्याच्या दिवशी गायगोधनाला डफ आणि बासरी वाजवत, ढाल नाचवत येणारी माणसे, अंगावर गेरूचे ठसे उमटवलेल्या गाई. माझ्या आजोळी गावची जनावरे सकाळी आखरावर जमायची आणि तिथून ढोरकी, म्हणजे गावचा गुराखी, त्यांना रानात न्यायचा. वर्षाचे धान ठरलेले असायचे, तेही सगळी घरे वेळेवर देत नसत. गावाला तो लागायचा रोज आणि आठवायचा मात्र सणाला. अशी माणसे इतक्या मोठ्या संख्येने एका ठिकाणी मी कधी पाहिली नव्हती. सुमारे 50 हजार असा आकडा पुढे सांगितला गेला. तेव्हा मला फक्त एवढेच दिसले की रस्ता संपत नव्हता. बायका खूप होत्या. बहुतेकींच्या काखेत मूल होते आणि हातात शिदोरीचे फडके.

भिंतीच्या सावलीत काही बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने मला हाक मारून विचारले, “बाई, मंत्री इथूनच जातीन का?” मी शहरातल्या मुलीच्या शहाणपणाने सांगितले की मंत्री इकडे येत नाहीत, तुमचे पुढारी निवेदन घेऊन आत जातील. तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. “आमी तं त्यायलेच भेटाले आलो,” ती म्हणाली.

मला हे वाक्य अजून तिच्या सुरात ऐकू येते. त्यात तक्रार नव्हती, मोर्चा काढणाऱ्याचा आवेशही नव्हता. आपण इतक्या लांबून, मुलाबाळांना घेऊन, मजुरी बुडवून आलो आहोत, तर ज्याला भेटायचे तो माणूस भेटेल, असे तिने धरूनच चालले होते. निवेदनाच्या कागदाचे महत्त्व आम्हाला वाटत होते. तिला माणूस हवा होता.

तो आला नाही. दुपार गेली, ऊन उतरले. नोव्हेंबरअखेरीला नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लगेच गारवा सुटतो. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला पोलिसांचे कठडे होते आणि त्यांच्यामागे हजारो माणसे सकाळपासून तिष्ठत होती. त्या घटकेला नेमके काय घडले याच्या अनेक हकिगती आहेत. लाल दिव्याची एक गाडी दिसली, मंत्री आले असे वाटून लोक उठून पुढे सरकले, ही त्यातली बहुधा सर्वांत जास्त सांगितली जाणारी. हे खरे असेल तर त्या बाईच्या वाक्याचा मला वेगळाच धसका बसतो. ती गर्दी चाल करून जात नव्हती, ती भेटायला उठली होती. कठड्याच्या पलीकडून मात्र पुढे सरकणारी गर्दी ही फक्त पुढे सरकणारी गर्दी असते. लाठ्या उगारल्या गेल्या. पुढचे मागे फिरले, मागच्यांना पुढचे काही दिसत नव्हते.

चेंगराचेंगरी या शब्दामुळे आपल्याला वाटते की माणसे पडली आणि तुडवली गेली. तसेही होते, पण गर्दीत माणसे पुष्कळदा उभ्या उभ्याच गुदमरतात. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे दाटली की कोणाचेच पाय त्याच्या ताब्यात राहत नाहीत. गर्दी पाण्यासारखी हेलकावते आणि छातीवर चहूबाजूंनी इतका दाब येतो की श्वास आत घ्यायला फासळ्यांना जागाच उरत नाही. उंचीने कमी असलेल्यांची तोंडे इतरांच्या पाठीत दाबली जातात. ज्याच्या काखेत मूल असते त्याचे हात मोकळे नसतात. 114 जणांत बायका आणि मुलेच जास्त का होती, हे समजायला आणखी कशाची गरज नाही. जखमींची संख्या पाचशेच्या घरात होती. शवचिकित्सेत लाठीची किती निशाणे निघाली यावर पुढे हुज्जत घालणाऱ्यांना मला एवढेच विचारावेसे वाटते, की लाठी अंगावर पडलीच पाहिजे असे कोठे आहे? ती वर गेली, एवढे पुरेसे होते.

त्या रात्री आमच्या घराजवळून रुग्णवाहिकांचे आवाज उशिरापर्यंत येत होते. बाबा घरी आले तेव्हा दहा वाजून गेले होते. आईने ताट वाढले, त्यांनी ते दूर सारले. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रातला आकडा आणि शेजाऱ्यांच्या तोंडचा आकडा जुळत नव्हता, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही वाढले. मी दोन दिवसांनी त्या बाजूने गेले. रस्ता धुतलेला होता. कुंपणाच्या तळाशी मात्र धुणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली लहान मुलाची एक प्लास्टिकची चप्पल अडकलेली होती, निळ्या पट्ट्याची, टाच झिजून कागदाइतकी पातळ झालेली. ती मी उचलली नाही. उचलून कोणाला दिली असती?

पुढे आमच्या वस्तीत एक निवृत्त हवालदार राहायला आले. ते त्या दिवशी बंदोबस्ताला होते असे सगळे सांगत. ते स्वतः कधी विषय काढत नसत. एकदाच, गणपतीच्या मांडवात रात्री आम्ही दोघे-तिघे बसलो असताना, कोणी न विचारता ते बोलले. पहाटेपासून उभे होतो, सुटी होणार कधी ते कोणी सांगत नव्हते, असे काहीबाही सांगून झाल्यावर म्हणाले, “आमाले मांगच्यायले काईच दिसत नोतं बाप्पा. पुढून आवाज आला, मंग आवाजच नाई आला.” मग ते उठून आरतीच्या तयारीला लागले. मला त्यांचा राग यायला हवा होता असे अनेकदा वाटते, पण तो सरळ येत नाही. त्या संध्याकाळी कठड्याच्या दोन्ही बाजूंना जी माणसे उभी होती ती एकाच मुलखातली, एकाच बोलीतली, आणि दोघांनाही दिवसभर कोणी काही सांगितले नव्हते. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की एका बाजूच्या हातात काठ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या हातात मुले. हा फरक विसरून “दोघेही परिस्थितीचे बळी” अशी समजूत काढणे मला मान्य नाही. पण ज्यांनी बाहेर येऊन कागद घ्यायचा होता, ते या दोघांपैकी कोणातच नव्हते, हेही विसरता येत नाही.

नंतर जे व्हायचे ते रीतीप्रमाणे झाले. आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. चौकशीसाठी न्यायमूर्ती दाणी यांचा आयोग नेमला गेला. त्याने घटना दुर्दैवी ठरवली आणि कोणालाही दोषी धरले नाही. 1995 च्या निवडणुकीत सरकार गेले, त्यात गोवारींच्या रक्ताचा वाटा होता असे विश्लेषण आमच्याकडचे लोक आजही चहाच्या टपरीवर करतात. सरकार बदलले म्हणून मागणी मान्य झाली असे नाही. पुढे गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घालण्यात आले. त्यांनी मागितले होते ते अनुसूचित जमातीचे दाखले. शिवाय शहराने त्यांना एक उड्डाणपूल दिला. वर्धा रस्त्यावरून बर्डीवर येणाऱ्या त्या पुलाचे अधिकृत नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल आहे, आणि रोज त्याच्यावरून जाणारी हजारो माणसे त्याला बर्डीचा पूल म्हणतात. मीही म्हणते. रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगितले तर तो दोनदा विचारतो.

खरी गंमत, म्हणजे जिला गंमत म्हणताना जीभ अडखळते ती, निराळीच आहे. ज्या मागणीसाठी ही माणसे आली होती ती मागणी काय होती, हे नागपुरात दहा जणांना विचारले तर आठ जणांना सांगता येत नाही. आकडा सांगता येतो, जागा सांगता येते, तेव्हाचा मुख्यमंत्री सांगता येतो. मागणी अशी होती: अनुसूचित जमातींच्या यादीत “गोंड गोवारी” अशी नोंद आहे. गोवारींचे म्हणणे की ही नोंद आमचीच. त्या दोन शब्दांमध्ये स्वल्पविराम राहून गेला, असे ते सांगतात. 24 एप्रिल 1985 च्या शासन निर्णयाने गोवारी आणि गोंड गोवारी हे वेगवेगळे ठरवले आणि दाखल्यांची वाट बंद झाली. म्हणजे 1994 ला मोर्चा आला तेव्हाच या प्रश्नाला नऊ वर्षे झाली होती. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. 14 ऑगस्ट 2018 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला की गोंड गोवारी नावाची वेगळी जमात 1911 च्या आधीच नामशेष झाली होती, तेव्हा यादीतली नोंद गोवारींचीच मानावी लागेल. त्या दिवशी स्मारकावर गुलाल उधळला गेला, लोक रडले. 18 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. यादीत जे लिहिले आहे त्यात न्यायालयाने फेरफार करायचा नसतो. मधल्या सव्वादोन वर्षांत ज्यांना प्रवेश किंवा नोकऱ्या मिळाल्या त्यांच्या त्या राहतील, मात्र यापुढे त्यांना जमातीचे लाभ मिळणार नाहीत, असे ठरले. कायद्याच्या बाजूने पाहिले तर त्या निकालात तर्क आहे, हे मला दिसते. यादी संसदेने बदलायची असते. पण मग इतकी वर्षे हा कागद संसदेपर्यंत नेण्याचे काम कोणाचे होते, आणि ते का झाले नाही, याचे उत्तर कोणत्याच निकालात नाही. एखाद्या आवक नोंदवहीत त्याचा क्रमांक मात्र नक्की असेल.

लाठीमाराच्या आठवणी आपण जपतो, कारण त्यांना तारीख असते. 23 नोव्हेंबरला हार घालता येतो. त्याच्या अलीकडची नऊ वर्षे आणि पलीकडची तीन दशके, तहसीलच्या पायऱ्यांवर आणि समाजकल्याणच्या खिडकीशी गेलेली, यांना तारीख नाही, त्यामुळे त्यांचे स्मारकही होत नाही. मला हल्ली वाटते की त्या संध्याकाळी जे झाले ते या न संपणाऱ्या ताटकळण्याच्या मधोमध घडलेले होते. आपण मधला तुकडा काढून त्याला दुर्घटना म्हणतो आणि उरलेले प्रशासन म्हणून सोडून देतो. बाबा शेवटच्या आजारपणात बरेच जुने बोलायचे, पण त्या दिवसाबद्दल एकच गोष्ट त्यांनी सांगितली. त्या दिवशी गोवारींचे निवेदन नोंदवून घ्यायला म्हणून त्यांच्या टेबलाने दुपारपासून नोंदवहीत एक ओळ रिकामी सोडून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या तोंडी आदेशावरून तिच्यावर आडवी रेघ मारली.

2024 च्या सुरुवातीला गोवारी तरुण संविधान चौकात उपोषणाला बसले. फेब्रुवारीत एक दिवस खेड्यापाड्यांतून हजारो लोक आले आणि बर्डीचे रस्ते दिवसभर बंद पडले. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून संदेश सुरू होते: कोणता चौक टाळावा, कोणाची मुलगी शाळेच्या बसमध्ये अडकली आहे, यांना हीच जागा मिळते का. शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याला मी उत्तर लिहिले, मग पुसले, मग पुन्हा लिहिले की हो, यांना हीच जागा मिळते, 1994 पासून. त्यावर कोणी काही बोलले नाही. दुपारी मी गाडी लांब लावून पायी गेले. पोलीस भरपूर होते आणि बरेच अंतर राखून उभे होते. एवढी अक्कल तीस वर्षांत आली असे म्हणायला हरकत नाही. रस्त्याच्या दुभाजकावर एक पोरगा प्लास्टिकची फाइल मांडीवर घेऊन बसला होता. मी विचारल्यावर त्याने एकेक झेरॉक्स काढून दाखवली: 1985 चा निर्णय, खंडपीठाचा निकाल, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि सर्वांत खाली त्याच्या आजोबांच्या नावाचा एक अर्ज, घड्यांवर फाटलेला, कोपऱ्यात पुसट गोल शिक्का असलेला. वकिलाने समजावून सांगावे तसे तो न अडखळता सगळे सांगत गेला. शेवटी मी विचारले की आज कोणी निवेदन घ्यायला आले होते का.

“चर्चा चालू आहे म्हणते,” तो फाइल बंद करत म्हणाला, “समिती नेमणार हायेत.”